लाल किनार पसरू नये म्हणून: फोटोच्या फाइलचा प्रकार कसा निवडायचा

सोलापुरात चादर-टॉवेलच्या मालाचे फोटो काढून देण्याचं काम मी करतो. काही वर्षांपूर्वी गडद निळ्या रंगावर लालभडक किनार असलेल्या एका चादरीचे फोटो काढले, दुकानदारांना पाठवले आणि त्यांनी ते ऑनलाइन विक्रीला लावले. दोनच दिवसांत बाहेरगावच्या एका ग्राहकाचा निरोप आला, "दादा, या चादरीचा रंग जातो का?" दुकानदार चक्रावले. रंग पक्का होता, त्यांनी स्वतः धुऊन बघितला होता. मी फोटो मोठा करून पाहिला तेव्हा लाल किनारीला लागून निळ्यात लालसर धूसर पट्टा दिसला. चादरीत तो नव्हता, फाइलमध्ये होता. मूळ फोटो लहान करून सेव्ह करताना मी जो प्रकार आणि जी सेटिंग वापरली होती, त्यातून तो आला होता.

विणकराच्या चांगल्या मालावर फाइलमुळे असा ठपका येतो, हे मला फार लागलं. तेव्हापासून नवीन कोणी शिकायला आलं की कॅमेऱ्याच्या आधी मी हेच शिकवतो.

आधी हिशोब

१२ मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे आडवे ४००० आणि उभे ३००० ठिपके, एकूण १ कोटी २० लाख पिक्सेल. प्रत्येक पिक्सेलला लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे लागतात आणि एक आकडा एका बाइटमध्ये मावतो. म्हणजे ३ कोटी ६० लाख बाइट, साधारण ३६ एमबी. पण फोनमध्ये बघितलं तर त्याच फोटोची फाइल तीन ते पाच एमबीची दिसते. उरलेले तीसेक एमबी गेले कुठे? फाइल लहान करण्याच्या दोन रीती आहेत. त्या नीट कळल्या की पुढची निवड बरीचशी आपोआप होते.

पहिली रीत सोलापूरकराला सांगावी लागू नये. मागावर चढवायच्या उभ्या धाग्यांचा, म्हणजे ताण्याचा, क्रम वार्पिंगच्या चिठ्ठीवर कसा लिहितात? ३० लाल, १० पांढरे, ३० लाल, ४० निळे, आणि हे सगळं आठ वेळा. जवळजवळ नऊशे धाग्यांचा क्रम एका ओळीत मावला आणि एकही धागा चुकला नाही. चिठ्ठी वाचून तोच ताणा जसाच्या तसा उभा करता येतो. पीएनजी फाइल याच जातीची. त्यातली पद्धत आधी येऊन गेलेला क्रम पुन्हा आला की "मागे बघा, तेच" एवढंच लिहून ठेवते. तिचं मूळ अब्राहम लेम्पेल आणि जेकब झिव यांच्या १९७७ सालच्या कामात आहे. यात काहीही गमावत नाही. पण क्रम पुन्हा पुन्हा येत असेल तरच फायदा. नक्षी विणणाऱ्या जॅकार्ड मागासाठी आलेखाच्या कागदावर भरलेलं डिझाइन, दुकानाचा लोगो, दरपत्रक, स्क्रीनशॉट यांत सपाट रंगांचे मोठे पट्टे असतात, तिथे पीएनजी चोख काम करते. खऱ्या चादरीच्या फोटोत मात्र शेजारचे दोन पिक्सेलही अगदी सारखे नसतात. उजेड थोडा बदलतो, सुताचा केस वर आलेला असतो. असा फोटो पीएनजीत ठेवला तर फाइल सहज वीस एमबीच्या पुढे जाते.

दुसरी रीत जेपीजीची. जेपेग म्हणा, जेपीजी म्हणा, फाइल तीच. ती फोटोचे आठ बाय आठ पिक्सेलचे चौकोन करते आणि प्रत्येक चौकोन उजेड-अंधाराच्या लहान-मोठ्या लाटांची बेरीज म्हणून मांडते. मोठ्या, सावकाश बदलणाऱ्या लाटा डोळ्याला दिसतात, त्या ती जपते. अगदी बारीक लाटा डोळ्याला फारशा जाणवत नाहीत, त्या ती ढोबळ करते किंवा सोडून देते. लाटांचं हे गणित मूळचे बंगळूरचे नासिर अहमद यांना सुचलं. टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह त्यांनी ते १९७४ साली प्रसिद्ध केलं, आणि १९९२ साली ठरलेलं जेपेगचं मानक त्यावरच उभं राहिलं. आज आपण पाठवतो त्या जवळपास प्रत्येक फोटोत त्या तिघांचं काम आहे. नव्या मुलांना मी हे आवर्जून सांगतो.

या रीतीत सोडलेलं परत मिळत नाही. जेपीजी पुन्हा उघडून, थोडं कातरून, पुन्हा सेव्ह केली की आधीच ढोबळ झालेल्यावर पुन्हा ढोबळपणा चढतो. नुसती उघडून बघितल्याने किंवा दुसऱ्या फोल्डरमध्ये कॉपी केल्याने मात्र काही बिघडत नाही. ही भीती अनेकांना असते, ती सोडून द्या.

पहिली पायरी: मूळ फाइल बाजूला

कॅमेऱ्यातून किंवा फोनमधून आलेली फाइल "मूळ" नावाच्या फोल्डरमध्ये टाका आणि तिला हात लावू नका. काम करायचं ते कॉपीवर. कातरणं, उजेड वाढवणं, रंग जुळवणं सगळं एकदाच, आणि फाइल लहान करणं सगळ्यात शेवटी. मधल्या टप्प्यांसाठी तुमच्या सॉफ्टवेअरचा स्वतःचा प्रकार वापरा. गिम्प या मोफत सॉफ्टवेअरमध्ये एक्ससीएफ, फोटोशॉपमध्ये पीएसडी. त्यात थर जसेच्या तसे राहतात.

आयफोनवाल्यांना इथेच एक अडचण येते. २०१७ सालच्या आयओएस ११ पासून आयफोन बहुधा एचईआयसी प्रकारात फोटो ठेवतो. फाइल लहान, दर्जा चांगला, पण दुकानातल्या जुन्या कॉम्प्युटरवर ती उघडत नाही. मालाचे फोटो काढायचे असतील तर सेटिंग्जमध्ये कॅमेरा, मग फॉरमॅट्स, आणि तिथे "मोस्ट कम्पॅटिबल" निवडा. मग फोन सरळ जेपीजी काढतो.

फाइलच्या नावातली टिंबानंतरची शेवटची अक्षरं बदलून प्रकार बदलत नाही, हेही आत्ताच सांगून ठेवतो. पीएनजीच्या पुढे जेपीजी लिहिलं तरी आत पीएनजीच असते. आणि जेपीजीची पीएनजी केल्याने गेलेलं काही परत येत नाही, फाइल मात्र कितीतरी फुगते.

दुसरी पायरी: चित्रात काय आहे ते बघा

इथे घाई करू नका, मी स्वतः सगळ्यात जास्त वेळ इथेच घालवतो.

फोटो असेल, म्हणजे माणूस, कापड, देऊळ, जेवण, तर जेपीजी किंवा वेबपी (हा गूगलचा प्रकार, पाचव्या पायरीत सांगतो). अक्षरं आणि सपाट रंग असतील तर पीएनजी. ज्याच्या मागची बाजू पारदर्शक हवी, उदाहरणार्थ टॉवेलच्या फोटोवर बसवायचा लोगो, त्याला जेपीजी चालतच नाही, कारण तिच्यात पारदर्शकता नाही. लोगोमागे पांढरा चौकोन येतो तो त्यामुळेच. पीएनजी किंवा वेबपी घ्या. लोगो कोरलड्रॉ सॉफ्टवेअरमध्ये रेषांनी काढलेला असेल तर त्याची एसव्हीजी किंवा पीडीएफही मागून ठेवा. ती कितीही मोठी केली तरी फाटत नाही.

अक्षरांच्या बाबतीत आपल्या गावाची अडचण जरा जास्त आहे. सोलापुरात एकाच लेबलवर मराठी, कन्नड आणि तेलुगू सहज दिसतात. जेपीजी ठळक कडांभोवती बारीक कचरा सोडते, माश्या बसल्यासारखा. इंग्रजी अक्षरांत तो खपून जातो. आपल्या लिपीत अनुस्वाराचा टिंब आणि वेलांटीचं टोक त्यात बुडतं, तेलुगूतली गोलाई गढूळ होते. दरपत्रक, लेबल, निमंत्रण, सूचना यांची पीएनजीच करा. बहुतेक वेळा ती जेपीजीपेक्षा लहानही निघते, यावर नव्या माणसाचा विश्वास बसत नाही. एकदा दोन्ही करून बघा.

फोटोंमध्येही फरक असतो. सिद्धेश्वर तलावावरचं मोकळं आकाश आणि नान्नजच्या माळरानावरचं गवत एकाच फोनने, एकाच सेटिंगवर टिपलं तर गवताची फाइल मोठी येते. जितका बारीक तपशील, तितक्या बारीक लाटा. टॉवेलचे फासे, म्हणजे वर आलेली सुताची वेटोळी, हे त्या गवताचेच भाऊ. म्हणून "प्रत्येक फोटो इतक्याच केबीचा हवा" असा नियम करू नका. साधं आकाश त्यात छान बसेल, टॉवेल मात्र लोळागोळा होईल.

गड्ड्याच्या जत्रेतले फोटो ही तर परीक्षाच. होम मैदानावरच्या शोभेच्या दारूकामात काळं आकाश हळूहळू केशरी होत जातं. फाइल फार आवळली की त्या जागी पायऱ्या आणि चौकोन दिसू लागतात. नंदीध्वजांच्या मिरवणुकीत पांढऱ्या बाराबंदी अंगरख्याच्या चुण्या आधी नाहीशा होतात आणि माणसं कागदाची कापल्यासारखी दिसतात. शिवाय रात्रीच्या फोटोत उजेड कमी पडल्याने रंगांचे बारीक दाणे असतात, आणि दाणे म्हणजे पुन्हा बारीक तपशील. आधी दाणे थोडे कमी करा, मग सेव्ह करा. त्याच आकारात फोटो कितीतरी स्वच्छ राहतो.

तिसरी पायरी: आधी माप, मग आवळणं

नवीन माणूस सेव्ह करताना दिसणारा दर्जाचा खटका (क्वालिटी) थेट ३० वर नेतो आणि ४००० पिक्सेल तसेच ठेवतो. हे उलटं आहे. ४००० बाय ३००० चा फोटो १६०० बाय १२०० केला तर पिक्सेल एक षष्ठांशाहूनही कमी उरले. दर्जाला हात न लावता फाइल तिथेच बरीच उतरते. फोनच्या पडद्यावर बघायला १६०० पिक्सेल पुरतात. ग्राहकाला वीण मोठी करून बघायची असेल तर २००० ठेवा.

माप कमी करताना टॉवेल आणि चेक्सच्या कापडावर कधीकधी पाण्यासारख्या लाटा उठतात, ज्या कापडात नसतात. हा फाइलच्या प्रकाराचा दोष नाही. विणीची जाळी आणि पिक्सेलची जाळी एकमेकींत अडकतात म्हणून तसं होतं. माप बदलताना "लँक्झोस" किंवा "क्युबिक" पद्धत निवडा. तरीही लाटा राहिल्या तर कॅमेरा थोडा मागे-पुढे घेऊन किंवा किंचित तिरका धरून फोटो पुन्हा काढा.

चौथी पायरी: दर्जाचा खटका आणि ती लाल किनार

जेपीजीचा दर्जा ७५ ते ८५ च्या मध्ये ठेवून सुरुवात करा. हे शेकडा प्रमाण नाही, आणि एका सॉफ्टवेअरमधलं ८० दुसऱ्यातल्या ८० सारखं नसतं. ९५ च्या पुढे फाइल झपाट्याने फुगते आणि डोळ्याला फरक जवळजवळ दिसत नाही. स्क्वूश नावाचं गूगलचं मोफत साधन ब्राउझरमध्येच चालतं. डावीकडे मूळ, उजवीकडे नवीन आणि मध्ये सरकवायची रेघ. फोटो तुमच्याच कॉम्प्युटरवर राहतो. शिकायला यापेक्षा चांगलं काही मला माहीत नाही.

आता ती लाल किनार. डोळ्याला उजेडातला फरक बारकाईने कळतो, रंगातला तितका नाही. म्हणून जेपीजी उजेड प्रत्येक पिक्सेलचा वेगळा ठेवते, पण रंग बहुधा चार पिक्सेलांना मिळून एकच देते. माणसाच्या चेहऱ्यावर, झाडांवर हे कळतही नाही. पण गडद निळ्याला चिकटून लालभडक आला की तो एक रंग दोन्हीकडे वाटला जातो आणि किनार पसरते. सोलापुरी चादरीचं सगळं सौंदर्यच अशा उठावदार रंगांत आणि सरळ तुटलेल्या कडांत आहे. इतर मालाला चालणारी सेटिंग आपल्या मालाला चालत नाही, ती याच कारणाने.

उपाय साधा आहे. गिम्पमध्ये जेपीजी एक्सपोर्ट करताना "अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स" उघडा, "सबसॅम्पलिंग" नावाची यादी दिसेल. त्यात ४:२:० (चार पिक्सेलांना एक रंग) च्या जागी ४:४:४ (प्रत्येक पिक्सेलला स्वतःचा रंग) निवडा. फाइल थोडी मोठी होते, पण किनार जिथली तिथे राहते. त्या निळ्या चादरीचे फोटो मी असेच पुन्हा करून दिले. दर्जा ८० होता, तोच ठेवला, फक्त हा एक पर्याय बदलला.

पाचवी पायरी: फाइल कुठे जाणार?

स्वतःची वेबसाइट असेल तर वेबपी चांगली. गूगलने ती २०१० साली आणली. सारख्याच दर्जाला ती जेपीजीपेक्षा बरीच लहान असते, आणि आता सगळ्या प्रमुख ब्राउझरांत उघडते. पण तिच्या नेहमीच्या, तपशील सोडणाऱ्या प्रकारात रंग चार पिक्सेलांना एकच असतो, तिथे ४:४:४ चा पर्यायच नाही. लाल-निळ्या चादरीला म्हणून मी अजूनही जेपीजीच देतो, किंवा स्क्वूशमध्ये वेबपीचा "शार्प" रंगबदलाचा पर्याय लावून बघतो. २०१९ साली आलेली एव्हीआयएफ याहून लहान होते आणि तिच्यात पूर्ण रंगही ठेवता येतो. ती तयार व्हायला वेळ लागतो आणि जुन्या फोनवर उघडत नाही, तेव्हा सोबत जेपीजी हवीच.

दुसऱ्याच्या विक्री-संकेतस्थळावर फोटो चढवायचा असेल तर तिथे तो बहुधा पुन्हा आवळला जातो. म्हणून तिथे दर्जा ९० च्या आसपास ठेवून द्या.

व्हॉट्सअॅपवर फोटो नेहमीसारखा पाठवला की तो लहान आणि ढोबळ होऊनच पोचतो. एचडीचा पर्याय बरा, पण मूळ फाइल पोचवायची तर "डॉक्युमेंट" म्हणून पाठवा. मात्र डॉक्युमेंट म्हणून गेलेल्या फाइलमध्ये फोटो कुठे काढला ते ठिकाणही जाऊ शकतं. घरात यंत्रमाग असेल, घरातच फोटो काढले असतील, तर फोनच्या कॅमेऱ्यातली लोकेशन आधी बंद करा.

छपाईला ३०० डीपीआय, म्हणजे एका इंचात ३०० ठिपके, लागतात. ४००० पिक्सेलला तीनशेने भागा, साधारण तेरा इंच. व्हॉट्सअॅपवरून आलेला १६०० पिक्सेलचा फोटो जेमतेम सव्वापाच इंच नीट छापतो. फ्लेक्स लांबून बघायचा असतो, तिथे ७२ ते १०० डीपीआय पुरतात. ऑफसेट छपाईवाल्यांना सीएमवायके, म्हणजे छपाईच्या चार शायांच्या, रंगातली टिफ (छपाई आणि जतनासाठीचा फाइलचा प्रकार) किंवा पीडीएफ द्या. पीएनजी आणि वेबपीत सीएमवायके नसतं.

भरतीच्या अर्जाचा फोटो हे वेगळंच दुखणं. बँकांच्या भरतीत फोटो २० ते ५० केबी आणि सही १० ते २० केबी अशी अट असते, माप २०० बाय २३० पिक्सेलच्या आसपास. मुलं ४००० पिक्सेलचा फोटो ५० केबीत कोंबतात आणि चेहरा ओळखू येत नाही. आधी चेहरा आणि खांदे ठेवून कातरा, मग माप २०० बाय २३० करा, आणि मग दर्जा कमी करत जा. ९० लाच फाइल बसलेली दिसेल. सही पांढऱ्या कागदावर काळ्या शाईने, जाड टोकाच्या पेनने करा.

जीआयएफ १९८७ सालची आहे आणि तिच्यात २५६च रंग मावतात. हलत्या छोट्या चित्रांपुरती ठेवा, चादरीला नको.

जुने कागद

शेवटी एक काम, जे मला मनापासून महत्त्वाचं वाटतं. घराघरांत मोडी लिपीतले जुने कागद आहेत, हातमागाच्या काळातले हिशोब आहेत, पिवळे पडलेले आलेख आहेत. ते जेपीजीत ठेवू नका. ३०० डीपीआयला, बारीक अक्षर असेल तर ६०० ला, रंगीत स्कॅन करा आणि टिफमध्ये एलझेडडब्ल्यू किंवा झिप आवळणं निवडून ठेवा. दोन्हींत काहीही गमावत नाही. पाठवण्यासाठी वेगळी जेपीजी काढा.

आकड्यांच्या कागदांना स्कॅनरचं "कॉम्पॅक्ट पीडीएफ" टाळा. २०१३ साली जर्मनीतल्या डेव्हिड क्रीझेल यांनी दाखवून दिलं की काही ऑफिस स्कॅनर दिसायला सारखी अक्षरं एकच समजून एकाच्या जागी दुसरं बसवत होते. ६ चा ८ होत होता, आणि पान मात्र स्वच्छ दिसत होतं. धूसर आकडा निदान शंका तरी आणतो. वहीखात्यातला बदललेला स्वच्छ आकडा कोणाच्या लक्षात येणार?

मूळ फोल्डर आणि ही टिफ दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा. एक हार्ड डिस्क घरात, दुसरी प्रत नातेवाइकांकडे किंवा क्लाउडवर.

आता पुन्हा चादरीकडे. ऑनलाइन चढवलेला फोटो स्वतःच्या कॉम्प्युटरवर नव्हे, घरातल्या एखाद्या जुन्या फोनवर उघडा. ऊन असेल तर बाहेर ओट्यावर या. बोटांनी चिमटून मोठा करा आणि किनारीची कड बघा. लाल रंग धाग्यावरच थांबलेला दिसला तर फोटो राहू द्या. शेजारच्या निळ्यात सांडलेला दिसला तर मूळ फाइल उघडून ४:४:४ वर पुन्हा एक्सपोर्ट करा.